छताखाली फोन वाट का चुकवतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मेट्रो स्टेशन, रुग्णालय, ग्रंथालय अशा मोठ्या इमारतींच्या आत दृष्टिहीन माणसाने स्मार्टफोनच्या मदतीने वाट कशी काढावी, या विषयावर नागपूरच्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं मोबिलिटी ट्रेनिंग (काठी धरून स्वतंत्रपणे चालण्याचं शिक्षण) देणारे प्रशिक्षक आणि मोबाइल सुगम्यतेचं (दिव्यांगांना फोन सहज वापरता यावा याचं) काम करणारे तंत्रज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे. त्रिमूर्तीनगरहून बर्डीला येईपर्यंत फोन बरोबर वाट सांगतो. मेट्रोच्या इंटरचेंज स्टेशनात शिरलं की तोच फोन मला कधी रस्त्यावर दाखवतो, कधी शेजारच्या इमारतीत. महागडा फोन घेतला तर फरक पडेल का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : नाही पडणार. यात फोनच्या किमतीचा संबंध नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला संकेत फोनपर्यंत येतो तेव्हाच अगदी क्षीण झालेला असतो. उघड्या आभाळाखाली तेवढाही पुरतो आणि फोन साधारण ५ मीटरच्या फरकाने जागा सांगतो. डोक्यावर स्लॅब आणि पत्रा आला की संकेत अडतो, किंवा काच, भिंत, लोखंडी खांब यांवर आपटून लांबच्या वाटेने आत येतो. संकेत यायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. वाट लांबली की हिशेब चुकला. तुम्ही स्टेशनात असून रस्त्यावर दिसता ते यामुळे.

मग फोन आसपासच्या वायफायवरून अंदाज बांधू लागतो. इथेही अडचण आहे. अँड्रॉइड ९ पासून कोणत्याही ॲपला समोर चालू असताना दोन मिनिटांत चारच वेळा वायफाय धुंडाळता येतं, म्हणजे सरासरी अर्ध्या मिनिटाला एकदा. तेवढ्या वेळात आपण रमतगमत चाललो तरी २५-३० मीटर पुढे गेलेलो असतो. फोन सांगतो ती जागा मागची असते.

सीताबर्डी इंटरचेंजवर आणखी एक गुंता आहे. ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गांचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. नकाशावरचा ठिपका अचूक असला तरी वर की खाली हे त्याला कळत नाही. काही फोनमध्ये बॅरोमीटर असतो, तो हवेच्या दाबावरून उंची ताडतो. पण एका मजल्याला दाबात जेमतेम ०.४ हेक्टोपास्कल फरक पडतो, आणि पावसाळी हवेत तेवढा फरक एका जागी उभं राहूनही पडू शकतो. त्यावरून ‘एक मजला चढलो’ एवढं कळेल, ‘मी कितव्या मजल्यावर’ हे नाही. स्वस्त फोनमध्ये तर बॅरोमीटर नसतोच.

म्हणून प्रवेशद्वारापाशी आलात की नकाशाचं ॲप बंद करा. ते चालू ठेवून आत चालणं ही आम्हाला दिसणारी सगळ्यांत नेहमीची आणि सगळ्यांत धोक्याची चूक आहे, कारण चुकीची सूचनाही ते त्याच ठाम आवाजात देतं. आत पायाखालच्या पिवळ्या टाइल्स धरा. उभ्या पट्ट्यांची टाइल म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे वळण, जिना किंवा फलाटाची कड आहे. विचारताना लाइनचा रंग सांगू नका, शेवटच्या स्टेशनाचं नाव सांगा: ‘खापरीकडे जाणारा फलाट’, ‘ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारा’, ‘लोकमान्यनगरचा’, ‘प्रजापतीनगरचा’. रंग विचारला की लोक हात करून ‘ती बघा तिकडे’ म्हणतात. स्टेशनाचं नाव विचारलं की निदान तोंडाने काहीतरी सांगावं लागतं. गाडी बदलायची असेल तेव्हा ग्राहक सेवा खिडकीवरच सांगून ठेवा आणि फलाटापर्यंत माणूस सोबत मागा. यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न : ‘उत्तरेकडे चला’ असं फोन सांगतो. इमारतीच्या आत त्यावर भरवसा ठेवावा का?
– एक वाचक, जरीपटका

उत्तर : ठेवू नये. फोनमधला होकायंत्र पृथ्वीचं चुंबकत्व मोजतो आणि ते फार सौम्य असतं. स्लॅबमधल्या सळया, लिफ्टची मोटर, लोखंडी कपाटं त्याला सहज भरकटवतात. पुष्कळांच्या फोनला चुंबकाची फ्लिप कव्हरं असतात, आधी ती काढा. हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून होकायंत्र जुळवता येतं, पण दहा पावलांवर लोखंडी दरवाजा आला की ते पुन्हा बिघडतं. आत दिशा घड्याळाप्रमाणे ठरवा. पाठ दाराला टेकवून उभं राहायचं, नाकासमोर बारा वाजले, उजव्या हाताला तीन. याला कुठलंही यंत्र लागत नाही.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची नजर मधुमेहामुळे दोन वर्षांत गेली. दर महिन्याला मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) तपासणीला जावं लागतं. मी नोकरी करते, दर वेळी सोबत जाता येत नाही. त्यांना एकट्याने जाता येईल अशी वाट फोनमध्ये कशी भरून देऊ?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : तुमचा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून सविस्तर लिहितो. आज आपल्या हातात जे आहे त्यात नीट रचलेलं वाटेचं वर्णन हे कुठल्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडतं. आधी एक मात्र पक्कं करा. पांढरी काठी वापरण्याचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं आहे ना? नसेल तर ते आधी. पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे फोन सांगू शकत नाही, काठीच सांगते.

मेडिकलचं आवार मोठं आहे. ट्रॉमा सेंटर आणि सुपर स्पेशालिटी या वेगळ्या इमारती आहेत. म्हणून आधी कागदावरून ठरवा की जायचं नेमकं कुठे, आणि रिक्षावाल्याला कोणत्या गेटवर सोडायला सांगायचं. गेट बदललं की सगळं वर्णन बाद होतं.

पाहणीला ज्या वारी आणि ज्या वेळी ते जाणार आहेत त्याच वेळी जा. दुपारी चारला रिकाम्या व्हरांड्यात मोजलेली वाट सकाळी ओपीडीच्या गर्दीत ओळखूच येत नाही. भिंतीला टेकून नातेवाईक बसलेले असतात, कडेला स्ट्रेचर लावलेले असतात. दोन भिंतींपैकी जिथे बसणारे कमी ती भिंत निवडा.

आता पावलं. घरासमोर टेपने १० मीटर मोजा, मिस्टरांना काठी घेऊन तीनदा चालवा आणि सरासरी काढा. समजा १८ पावलं आली, तर एक पाऊल साधारण ५५ सेंटिमीटरचं. रुग्णालयात ३० मीटरचा व्हरांडा असेल तर तो त्यांच्यासाठी ५४ पावलांचा. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. गर्दीत पाऊल आखूड पडतं, मध्ये कुणी धक्का दिला की मोजणी तुटते. वाटेचा प्रत्येक तुकडा अशा खुणेपाशी संपवा जी काठीला, हाताला किंवा पायाला लागते. पावलांचा आकडा फक्त ‘खूण आता येईलच’ एवढं कळण्यासाठी.

बहुतेक जण वाट अशी सांगतात: ‘आत गेलं की थोडं पुढे जा, मग डावीकडे वळा, निळा बोर्ड दिसेल, त्याच्या बाजूलाच आहे.’ या वाक्यात उपयोगाचं एकच आहे, डावीकडे. तीच वाट अशी सांगून पाहा (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही मोजून भरा):

‘१. गेटच्या आत उभे आहात, गेट पाठीमागे. उजवीकडे लोखंडी कठडा आहे. काठी त्याला लावून चाला, सुमारे २० पावलं. कठडा संपला की थांबा.

२. समोर ४ पायऱ्या वर. हाताला धरायचा दांडा उजव्या कडेलाच आहे.

३. वर आल्यावर फरशी गुळगुळीत लागते. केसपेपरच्या खिडक्या १० वाजताच्या दिशेला. सकाळी तिकडून गलका ऐकू येतो. खिडकीकडे न जाता उजवी भिंत धरा.

४. भिंत धरून सुमारे ३५ पावलं. मध्ये दोन दारं लागतील, दोन्ही वेळा भिंत तुटेल, सरळच चालायचं. तिसऱ्यांदा भिंत तुटली की ते तुमचं दार. चौकटीला लोखंडी पट्टी आहे, हाताने तपासा.

५. पट्टी नसेल तर पुढे आलात. वळा, भिंत आता डाव्या हाताला ठेवून परत या, पहिलं दार तुमचं.’

पाचवा मुद्दा बहुतेक लोक लिहीतच नाहीत. वाट चुकल्याचं कसं कळेल आणि चुकल्यावर काय करायचं, हे प्रत्येक अवघड वळणाशी असलंच पाहिजे. पावलं संपली आणि खूण मिळाली नाही, तर पुढे शोधत जायचं नाही, आधीच्या खुणेपर्यंत मागे यायचं. परतीची वाटही वेगळी लिहा. उलट वाचून ती होत नाही, कारण डावं-उजवं बदलतं, आणि जाताना ज्या भिंतीवर दोन दारं होती ती परत येताना दुसऱ्या हाताला गेलेली असते.

आवाज आणि वास ही जोडीची खूण ठेवा, मुख्य नको. पंखा बंद असतो, खिडकी बंद असते, चहावाला उठून गेलेला असतो. फरशीचा बदल, उतार, चौकट, पायऱ्यांची संख्या या गोष्टी जागेवरून हलत नाहीत.

हे सगळं फोनच्या नोट्समध्ये टाइप करा, एका ओळीत एकच तुकडा. टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) चालू असताना वाचन-नियंत्रणात ‘परिच्छेद’ निवडून बोट खाली सरकवलं की पुढची ओळ, वर सरकवलं की मागची. थांबायचं, एक ओळ ऐकायची, चालायचं. टॉकबॅकचा सराव अजून नसेल तर साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर प्रत्येक तुकड्याची १०-१५ सेकंदांची वेगळी फाइल करा आणि नावं ‘०१’, ‘०२’ अशी द्या. व्हॉट्सॲपवर ओळीने व्हॉइस मेसेज ठेवू नका. एक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो आणि माणूस दुसऱ्या तुकड्यात असताना चौथा तुकडा कानात वाजत असतो.

वर्णन तयार झालं की आधी तुम्ही स्वतः डोळ्यांना पट्टी बांधून, दुसऱ्या कुणाला सोबत ठेवून चालून पाहा. मग मिस्टरांना चालू द्या, तुम्ही चार पावलं मागे, तोंड बंद ठेवून. तीन फेऱ्या बिनचूक झाल्या की एकटं पाठवा. अशा सूचना कशा असाव्यात याचं मोठं काम लंडनच्या पिमलिको भुयारी स्टेशनातल्या चाचण्यांतून उभं राहिलं. त्यातून वेफाइंडर नावाचं खुलं मानक पुढे आलं, आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्याच्या आधारे एफ.९२१ ही शिफारस प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशी जे आहे ते एक वही, एक टेप आणि तुमचा एक सकाळचा वेळ एवढ्यावर घरी करता येतं.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, तिला अंधूक दिसतं. फोन साधाच आहे, दहा-बारा हजारांचा. कोणती ॲप्स टाकून द्यावीत?
– एक पालक, मानकापूर

उत्तर : तीन-चार पुरेत. जास्त टाकली की ऐन वेळी कोणतं उघडायचं ते सुचत नाही.

पाटी किंवा दारावरचा क्रमांक वाचायला गूगलचं लुकआउट, मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय (हे आधी फक्त आयफोनवर होतं, डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडवरही मिळतं) किंवा एन्व्हिजन. तिन्ही टाकून पाहा आणि तिच्या कॉलेजातल्या मराठी पाट्या जे सर्वांत नीट वाचेल ते ठेवा. मदतीला माणूस हवा असेल तर बी माय आइज. यावरून स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल लागतो, तो कॅमेऱ्यातून पाहून सांगतो. फोटो काढून यंत्राकडून वर्णन ऐकायची सोयही त्यात २०२३ मध्ये आली.

पाटी वाचताना चुका कशा होतात ते तिला दाखवून द्या. चालता चालता फोन फिरवला की अक्षरं पुसट येतात, म्हणून आधी थांबायचं. पाट्या डोक्याच्या वर असतात आणि फोन सरळ धरला की समोरच्या माणसांच्या पाठी येतात. कोपरं अंगाला चिकटवायची, फोन छातीशी धरून थोडा वर कलता करायचा आणि डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायचा. काचेवरची पाटी असेल तर फ्लॅश बंद, नाहीतर उजेडाचा गोळाच दिसतो. देवनागरी आकड्यांत १ आणि ९ यांची गल्लत होते, तेव्हा खोली क्रमांक दोन जागांवरून वाचून घ्यायचा.

यंत्राने केलेलं फोटोचं वर्णन ऐकायला फार छान वाटतं, म्हणून जास्त सावध राहावं लागतं. ‘समोर मोकळा रस्ता आहे’ असं ते म्हणेल आणि मध्ये दोन पायऱ्या खाली असतील. उत्तर यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात समोरचं चित्र बदललेलं असतं. पाटीवर काय लिहिलं आहे, काउंटर कोणत्या बाजूला आहे, रांग कुठे आहे, एवढंच त्याला विचारावं. जिना, कड, गाडी यांच्या बाबतीत त्याचा शब्द मुळीच धरू नये.

घरच्यांना व्हिडिओ कॉल करायचा असेल तर घरच्यांनाही शिकवा. ‘इकडे’, ‘तिकडे’ म्हणायचं नाही. डावं-उजवं तिच्या बाजूने सांगायचं. चित्र एक-दोन सेकंद उशिरा येतं, म्हणून आधी ‘थांब’, मग पुढची सूचना. लिफ्टमध्ये रेंज जाते, तेव्हा कॉल तुटला तर तिने जागेवरच थांबायचं हे आधीच ठरलेलं असावं. कॅमेरा आणि व्हिडिओ मिळून बॅटरी झपाट्याने संपवतात, तर १०,००० एमएएचची पॉवर बँक दप्तरात असू द्या.

टॉकबॅक चालू-बंद करायला दोन्ही आवाजाची बटणं तीन सेकंद एकत्र दाबायची, हा शॉर्टकट सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवा. गूगलच्या स्पीच सर्व्हिसेसमध्ये मराठी आवाज आहे. आयफोनवर तो आयओएस १६ पासून मिळतो. आवाजाचा वेग घरी ठेवतो त्यापेक्षा गर्दीच्या जागी एक-दोन पायऱ्या कमी ठेवा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्या कॉलेजच्या तीन मजली ग्रंथालयात ब्लूटूथ बीकन लावून अंध विद्यार्थ्यांसाठी नेव्हिगेशन करायचा आमचा प्रकल्प आहे. किती बीकन, कुठे, आणि काय बिघडतं?
– एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : आधी बीकन (ब्लूटूथवर सतत संकेत पाठवणारं छोटं यंत्र) काय करतो ते पक्कं समजून घ्या. ॲपलच्या आयबीकन पद्धतीत तो फक्त स्वतःची ओळख पुकारत राहतो: १६ बाइटचा यूयूआयडी (मुख्य ओळख क्रमांक), आणि मेजर व मायनर हे २-२ बाइटचे दोन पोटक्रमांक. तुम्ही यूयूआयडी कॉलेजला, मेजर मजल्याला आणि मायनर जागेला द्या. ‘इथे जिना आहे’ हे बीकनला ठाऊक नसतं, ते तुमच्या ॲपमधल्या नकाशात असतं. ग्रंथालयाने कपाटं हलवली आणि नकाशा तोच राहिला तर तुमचे बीकन खोटं सांगू लागतील.

जागा: प्रत्येक निर्णयाच्या ठिकाणी एक, म्हणजे दार, जिन्याचं वरचं आणि खालचं टोक, लिफ्टसमोर, व्हरांड्याचा फाटा, देवघेवीचं काउंटर. लांब व्हरांड्यात ८ ते १० मीटरवर एक. उंची २.५ ते ३ मीटर, कारण खाली लावला तर माणसांच्या अंगाने संकेत अडतो. लोखंडी कपाटाला किंवा तुळईला चिकटवू नका. जिन्याच्या मोकळ्या पोकळीत टांगू नका, तिथून तो वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांवर ऐकू येतो आणि ॲप मजला चुकतं.

आता सर्वांत मोठी अडचण. फोन संकेताच्या जोरावरून अंतर काढतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की जोर ६ डेसिबलने उतरतो. बीकन चालतो २.४ गिगाहर्ट्झवर, आणि शरीरातलं पाणी ही लहर शोषतं. विद्यार्थी पाठ करून उभा राहिला, फोन छातीच्या खिशात असला, की १० डेसिबलच्या आसपास घट सहज येते. १० डेसिबल म्हणजे अंतराच्या हिशेबात तिपटीहून थोडं जास्त. २ मीटरवरचा बीकन ६ मीटरवर असल्यासारखा भासतो. म्हणून ‘बीकनपासून ३.४ मीटर’ असं काही बोलून दाखवू नका. ‘जवळ आलात’ एवढंच म्हणा, आणि पुढे हाताला लागणारी खूण सांगा.

जोर सारखा वरखाली होतो म्हणून सरासरी काढावी लागते, आणि सरासरी काढली की उशीर होतो. ३ सेकंदांची सरासरी आणि सेकंदाला १ मीटर चाल धरली तर ‘आता डावीकडे वळा’ हे वळण मागे पडल्यावर ऐकू येतं. तुमच्या प्रकल्पाचं यश बहुधा या एका ठिकाणी ठरेल. सूचना वळणाच्या ३-४ मीटर अलीकडे द्या आणि तिच्यात खूण घाला: ‘पुढे उजवीकडे भिंत संपते, तिथे उजवीकडे.’ मग ती दोन पावलं उशिरा आली तरी माणूस चुकत नाही. फोनमधल्या हालचालीच्या सेन्सरवरून पावलं मोजून ती बीकनशी जुळवलीत तर आणखी बरं. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि आयबीएम यांचं नॅव्हकॉग हे वाट सांगणारं ॲप याच वाटेने गेलं. त्या कामामागे असलेल्या चिएको आसाकावा स्वतः अंध आहेत. तुमच्याही गटात पहिल्या दिवसापासून एक तरी अंध विद्यार्थी असू द्या. शेवटी ‘चाचणीपुरता’ बोलावलात तर उपयोग नाही.

पुकारण्याचा वेग १०० मिलिसेकंद ठेवला तर प्रतिसाद छान, पण १ सेकंदाच्या मानाने बॅटरी जवळपास दहापट वेगाने जाते. २०० ते ३०० मिलिसेकंदांवर ठेवा. कोणता बीकन कुठे, सेल कधी बदलला याची नोंदवही ग्रंथालयातल्या एका माणसाच्या नावावर असू द्या. तुम्ही पास होऊन गेल्यावर कोण सेल बदलणार, याचं उत्तर नसेल तर बीकन लावूच नका.

आमचं मत विचाराल तर आधी एनएफसी टॅग (फोन अगदी जवळ नेला की वाचला जाणारी चिकटपट्टी) लावा. त्याला सेल लागत नाही. फोन ३-४ सेंटिमीटरवर आणावा लागतो, म्हणजे तो वाचला गेला तर तुम्ही नक्की त्याच जागी आहात, अंदाज नाही. पण मराठीसाठी एक हिशेब आहे. एनटॅग २१३ या स्वस्त टॅगमध्ये १४४ बाइट जागा. यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना-वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘पहिला मजला’ यात नऊ चिन्हं आणि एक मोकळी जागा, म्हणजे २८ बाइट. दोन वाक्यं लिहायला गेलात की टॅग भरला. म्हणून एनटॅग २१५ (५०४ बाइट) किंवा २१६ (८८८ बाइट) घ्या. लोखंडी दारावर साधा टॅग वाचला जात नाही, धातूवर चालणारा वेगळा मिळतो, तोच मागा. टॅगवरचा मजकूर प्रत्येक फोन एकसारखा दाखवत नाही, तेव्हा पाच-सहा वेगवेगळ्या फोनवर तपासा.

स्वस्त फोनमध्ये एनएफसी बहुधा नसतं, म्हणून शेजारी क्यूआर कोडही हवा. ढोबळ हिशेब एकास दहा: १० सेंटिमीटरचा कोड साधारण १ मीटरवरून वाचला जातो. पण ज्याला दिसत नाही त्याला भिंतीवरचा कोड सापडणार कसा? त्याभोवती हाताला लागेल अशी उठावाची चौकट करा, आणि सगळ्या इमारतीत एकाच उंचीवर, दाराच्या कडीच्या बाजूला लावा. एका दाराला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे असला, तर तो नसल्यासारखाच.

प्रश्न : सरकारी कार्यालयांनी अशा सोयी कराव्यात असं कायद्यात आहे का? तक्रार कुठे करायची?
– एक ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर : आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. कलम ४० मध्ये सुगम्यतेची मानकं ठरवण्याचा, कलम ४५ मध्ये जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करण्याचा उल्लेख आहे. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत केव्हाच उलटली. कलम ४६ सेवा पुरवणाऱ्या खासगी संस्थांनाही लागू आहे. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार ते ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी याच नियमांतला सुगम्यतेचा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्याने मानकं बंधनकारक न राहता नुसत्या शिफारशी उरल्या होत्या. बंधनकारक नियम तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं.

आधी कार्यालयप्रमुखांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मग सुगम्य भारत ॲपवर फोटोसह तक्रार, आणि त्याने न भागल्यास पुण्याचं राज्य दिव्यांग आयुक्त कार्यालय. अर्जात ‘इमारत सुगम्य करा’ असं मोघम लिहू नका. ‘पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या दोन्ही टोकांना ठिपक्यांची टाइल नाही’, ‘लिफ्टमध्ये मजला बोलून सांगितला जात नाही’, असं एकेक मोजून लिहा. मोघम अर्जाला मोघमच उत्तर येतं.

प्रश्न : रेल्वेच्या फलाटावर इअरफोन लावून फोन ऐकत चाललं तर चालेल का?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : नाही. फलाटावर काठी आणि दोन्ही कान मोकळे हवेत. फोन ऐकायचा तर भिंतीला किंवा खांबाला पाठ लावून, थांबून. कान बंद न करणारे, हाडावाटे आवाज नेणारे हेडफोन मिळतात, ते चांगले आहेत. पण लक्ष तर विभागतंच, त्यामुळे कडेजवळ तेही नकोत. गाडीची वेळ, फलाट, डब्याची जागा हे सगळं आत जाण्यापूर्वीच ऐकून घ्या. नागपूर स्थानकाच्या पुनर्विकासाचं काम सुरू आहे, पत्रे उभे राहतात, वाटा वळवल्या जातात. मागच्या महिन्यात पाठ केलेली वाट या महिन्यात पुन्हा कुणासोबत तपासून घ्या. फलाट १ च्या बाजूने आत जाणं आणि संत्रा मार्केटच्या बाजूने जाणं या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत. रिक्षात बसतानाच बाजू स्पष्ट सांगा.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये आवाज नाही, बटणं गुळगुळीत टच पॅनलची आहेत. मी कितव्या मजल्यावर उतरलो ते कसं कळेल?
– एक वाचक, सिव्हिल लाइन्स

उत्तर : टच पॅनल असलेल्या लिफ्टमध्ये एकट्याने मजला निवडायचा खात्रीचा उपाय फोनवर नाही. बटण चाचपताना ते दाबलंच जातं आणि दोन-तीन मजले एकदम लागतात. आत सोबत असलेल्यांना मजला सांगून दाबायला लावा. उतरलेला मजला कळायला मात्र सोपी सोय होऊ शकते, आणि ती ऑफिसकडे मागण्यासारखी आहे. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराच्या दोन्ही चौकटींवर, एकाच उंचीवर, उठावाचा आकडा आणि ब्रेल पट्टी लावून घ्या. दार उघडलं की बाहेर पाऊल टाकायच्या आधी चौकटीला हात लावायचा. आकडा तुमचा नसेल तर आतच थांबायचं.